ज्याच्या पुतळ्याला फाशी दिली, त्या माणसाने जगाला पुस्तकं शोधायला शिकवलं

१८२३ चा ऑक्टोबर महिना. इटलीतल्या मोदेना संस्थानाने एका तरुण वकिलाला देहदंडाची शिक्षा सुनावली आणि फासावर लटकवलं. फक्त लटकवला तो त्याचा पुतळा. कारण खुद्द वकीलसाहेब पाच महिन्यांपूर्वीच लंडनला पोहोचले होते.

इथपर्यंत ठीक होतं. पण संस्थानाचे अधिकारी हिशेबाला पक्के. खटल्याचा आणि फाशीचा जो काही खर्च आला, त्याचं बिल त्यांनी आरोपीच्या नावाने परदेशात पाठवून दिलं. त्यावर या गड्याने उत्तर पाठवलं ते थेट परलोकातून. पत्रावर पत्ता मृतांच्या राज्याचा, खाली सही स्वतःच्याच आत्म्याची.

त्याचं नाव अंतोनियो पानिझी. आज जगभरातल्या ग्रंथालयांत पुस्तकांची नोंद ज्या नियमांनी होते, त्या नियमांचा उगम शोधत मागे गेलं की ज्या माणसाच्या दारात येऊन थांबावं लागतं, तो हाच.

पानिझीचा जन्म १६ सप्टेंबर १७९७ चा, ब्रेशेल्लो नावाच्या छोट्या गावातला. वडिलांचं औषधांचं दुकान. पोराने पार्मा विद्यापीठातून १८१८ मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि गावात वकिली सुरू केली. तेव्हा इटली नावाचा एक देश नव्हताच. छोटी छोटी संस्थानं होती आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ऑस्ट्रियाचा वरचष्मा होता. तरुण पोरं कार्बोनारी नावाच्या गुप्त संघटनेत सामील होत होती. पानिझीही झाला.

१८२२ मध्ये मोदेनाच्या ड्यूकने धरपकड सुरू केली. रुबिएराच्या किल्ल्यात खटले चालले. ज्युसेप्पे आंद्रेओली नावाच्या एका तरुण पाद्र्याचा शिरच्छेद झाला. आपली पाळी येणार हे ओळखून पानिझी निसटला आणि स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला पोहोचला. तिथे गप्प बसावं ना? तर नाही. त्याने या खटल्यांमध्ये न्यायाच्या नावाखाली काय काय झालं, याची साद्यंत हकीकत लिहिली आणि छापलीही. मोदेना सरकार भडकलं ते उगाच नाही.

मे १८२३ मध्ये तो लंडनला आला तेव्हा खिसा रिकामा आणि इंग्रजीची बोंब. तिथे आधीच आश्रयाला आलेला कवी उगो फॉस्कोलो याने त्याला लिव्हरपूलच्या विल्यम रॉस्को यांच्या नावाने चिठ्ठी दिली. पानिझी लिव्हरपूलला इटालियनच्या शिकवण्या घेऊ लागला. तिथेच त्याची ओळख झाली हेन्री ब्रूम या नामांकित वकिलाशी. १८२७ मध्ये एका गाजलेल्या अपहरण खटल्यात ब्रूमला परदेशी कायद्याचा मुद्दा समजावून द्यायला हा इटालियन पोरगा कामी आला. ब्रूमने ते लक्षात ठेवलं.

१८२८ मध्ये लंडन विद्यापीठ म्हणजे आजचं युनिव्हर्सिटी कॉलेज सुरू झालं आणि पानिझी तिथे इटालियनचा प्राध्यापक झाला. पद भारी, पण विद्यार्थी मोजकेच आणि मिळकत त्यांच्या फीवर. पुढे ब्रूम इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला. चॅन्सेलर म्हणजे पदसिद्ध ब्रिटिश म्युझियमचा विश्वस्त. १८३१ मध्ये पानिझी म्युझियमच्या ग्रंथालयात जादा सहायक म्हणून चिकटला. सरळ सांगायचं तर वशिल्याने. पण वशिल्याने लागलेल्या माणसाने एवढं काम केल्याची उदाहरणं इतिहासात फार नाहीत.

तेव्हाचं ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय म्हणजे श्रीमंतांनी दान केलेल्या पुस्तकांचा मोठा ढीग. वाचकांची खोली कोंदट. कोणतं पुस्तक आहे, कोणतं नाही, हे सांगणारा कॅटलॉग जुना आणि चुकांनी भरलेला. १८३६ मध्ये संसदेच्या समितीपुढे पानिझीची साक्ष झाली. तिथे त्याने जे सांगितलं ते त्या काळात ऐकायलाही वेगळं होतं. त्याचं म्हणणं असं की पुस्तकांच्या बाबतीत देशातल्या सगळ्यात गरीब विद्यार्थ्याला तीच सोय मिळाली पाहिजे जी सगळ्यात श्रीमंत माणसाला मिळते, आणि ती देणं हे सरकारचं काम आहे. फासावर चढलेला माणूस बोलत होता, हे विसरायला नको.

१८३७ मध्ये छापील पुस्तकांच्या विभागाची प्रमुखाची जागा रिकामी झाली. ज्येष्ठतेने ती हेन्री कॅरी यांना मिळायला हवी होती. कॅरी म्हणजे दांतेचं काव्य इंग्रजीत आणणारे विद्वान. पण पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांचं मानसिक आरोग्य ढासळलं होतं. विश्वस्तांनी पानिझीला निवडलं आणि गदारोळ उडाला. एका परक्या माणसाने इंग्रज विद्वानाच्या तोंडचा घास काढला, अशी बोंब झाली. कॅरी यांना बसलेला धक्का खरा होता आणि त्यांच्या बाजूने हळहळणाऱ्यांचं काही चुकलंही नव्हतं. पण या प्रकरणाने पुढच्या वीस वर्षांसाठी पानिझीच्या विरोधकांना एक हत्यार देऊन ठेवलं : हा बाहेरचा आहे.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. कॅटलॉग करणं यात एवढं अवघड काय आहे? पुस्तक घ्यायचं, नाव लिहायचं, लेखक लिहायचा, ठेवून द्यायचं. पानिझीच्या काळातल्या भल्याभल्या लोकांनाही असंच वाटत होतं.

आपल्याकडचं उदाहरण घेऊन बघू. एक वाचक आला आणि त्याला राम गणेश गडकऱ्यांचं सगळं लिखाण हवं आहे. गडकऱ्यांची नाटकं त्यांच्या खऱ्या नावाने आहेत. कविता गोविंदाग्रज या नावाने. विनोदी लेख बाळकराम या नावाने. पुस्तकावरचं नाव बघून नोंद केली तर एकच माणूस कॅटलॉगमध्ये तीन ठिकाणी तीन वेगळी माणसं होऊन बसतो. ज्याला हे आधीच माहीत आहे त्याला सगळी पुस्तकं मिळतील. ज्याला माहीत नाही, त्याला 'एकच प्याला' मिळेल आणि 'वाग्वैजयंती' तिथेच असूनही मिळणार नाही.

दुसरा प्रश्न. 'ज्ञानेश्वरी' आणि 'भावार्थदीपिका' हे एकच. पण कुणी एका नावाने छापली, कुणी दुसऱ्या. लेखक कुठे ज्ञानेश्वर, कुठे ज्ञानदेव. या सगळ्या आवृत्त्या एका जागी यायला हव्यात की नकोत? तिसरा प्रश्न. आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत 'विकारविलसित' नावाने आणलं. त्याची नोंद आगरकरांच्या नावाखाली करायची की शेक्सपिअरच्या? आणि ज्या पुस्तकावर लेखकाचं नावच नाही त्याचं काय करायचं? एखाद्या सरकारी समितीच्या अहवालाचा लेखक कोण?

एका माणसाने शंभर पुस्तकांची नोंद करायची असेल तर हे सगळं डोक्यात ठेवून भागतं. पण पुस्तकं दोन लाखांच्या वर असली आणि नोंद करणारे अनेक असले, तर प्रत्येक जण आपल्या अकलेने वेगळं उत्तर देणार. मग एकच पुस्तक चार ठिकाणी आणि चार पुस्तकं एका ठिकाणी. वाचकाच्या दृष्टीने, जे पुस्तक सापडत नाही ते ग्रंथालयात नाहीच.

म्हणून पानिझीने ठरवलं की आधी नियम, मग कॅटलॉग. त्याच्या हाताखाली चार हुशार माणसं होती : थॉमस वॉट्स, जॉन विंटर जोन्स, एडवर्ड एडवर्ड्‌स आणि जॉन हम्फ्रीज पॅरी. प्रत्येकाने स्वतंत्रपणे नियमांचा मसुदा लिहायचा, मग सगळ्यांनी एकत्र बसून एकेक मुद्दा फाडायचा आणि जिथे जमणार नाही तिथे मत घ्यायचं, अशी पद्धत ठरली. साहेबाने हुकूम सोडायचा आणि खालच्यांनी मान डोलवायची, असा तो कारभार नव्हता. जुलै १८३९ मध्ये विश्वस्तांनी नियमांना मान्यता दिली आणि १८४१ मध्ये ते छापून आले. एकूण ९१ नियम.

त्यात टोपणनावाचा प्रश्न असा सुटला : नोंद टोपणनावाखाली करायची आणि खरं नाव कळलं असेल तर ते शेजारी कंसात द्यायचं. भाषांतर मूळ लेखकाखाली, मूळ पुस्तकाच्या लगेच पाठोपाठ. समिती, सभा, संस्था यांनी काढलेली प्रकाशनं त्या देशाच्या किंवा गावाच्या नावाखाली. म्हणजे संस्था ही पण लेखक असू शकते, ही कल्पना इथे नियमात आली. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे उलटसुलट निर्देश. इकडे शोधत असाल तर तिकडे बघा, असं सांगणाऱ्या पाट्या. नावाकडून नावाकडे, नावाकडून ग्रंथाकडे, ग्रंथाकडून ग्रंथाकडे, असे त्याचे तीन प्रकारही ठरवून दिले. आज एखाद्या वेबसाइटवर एका नावावर क्लिक केलं की दुसऱ्या पानावर जातो, त्याचं हे कागदी रूप म्हणायला हरकत नाही.

सगळेच नियम टिकले असं नाही. नियतकालिकं सगळी एका मोठ्या मथळ्याखाली कोंबायची, ही कल्पना पुढे गैरसोयीचीच ठरली. पण प्रत्येक निर्णयामागे एक विचार पक्का होता. वाचकाला पुस्तकाचं नाव माहीत असतं, पण त्याच्या कोणकोणत्या आवृत्त्या आहेत, त्या एकमेकींपेक्षा वेगळ्या कशा आहेत, हे त्याला माहीत असायलाच पाहिजे असं नाही. ते सांगणं हे कॅटलॉगचं काम. यादी आणि कॅटलॉग यांच्यातला फरक पानिझीच्या मते हाच.

विश्वस्तांना मात्र घाई झाली होती. त्यांना छापील कॅटलॉग हवा होता आणि तो अक्षरावारी हवा होता. आधी 'ए' चा खंड, मग 'बी' चा, असा. पानिझी जीव तोडून सांगत होता की असं होत नसतं. सगळी पुस्तकं तपासून होईपर्यंत 'ए' पूर्ण झाला असं म्हणताच येत नाही. उद्या एखादं निनावी पुस्तक हातात आलं आणि त्याचा लेखक 'ए' वाला निघाला तर? खंड तर छापून झालेला. पण ऐकतो कोण? १८४१ मध्ये 'ए' चा खंड छापला गेला, अपूर्ण ठरला, आणि पुढची छपाई थांबली. पानिझीचं म्हणणं खरं ठरलं होतं. तरी खापर त्याच्याच डोक्यावर फुटलं, कारण लोकांना एवढंच दिसत होतं की या माणसाने इतक्या वर्षांत एक अक्षर संपवलं.

टीका करणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव होतं थॉमस कार्लाइल. फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास लिहिणारा हा बडा लेखक. म्युझियममध्ये राज्यक्रांतीच्या काळातल्या पत्रकांचा प्रचंड संग्रह होता, पण त्याची धड नोंद नसल्याने आपल्याला काही सापडलं नाही, अशी त्याची तक्रार. वाचनाच्या खोलीत गर्दी, गोंगाट, बसायला नीट जागा नाही. पानिझीवर तर त्याचा विशेष राग. १८४१ मध्ये त्याच्या पुढाकाराने लंडन लायब्ररी नावाचं वेगळं वर्गणीचं ग्रंथालयच सुरू झालं. पुढे कार्लाइलने म्युझियममध्ये अभ्यासासाठी स्वतंत्र खोली मागितली, तेव्हा पानिझीने नकार दिला. इतरांना जे मिळत नाही ते कार्लाइललाही नाही. सगळ्यात गरीब विद्यार्थ्याची जी गोष्ट समितीपुढे सांगितली होती, ती दुसऱ्या टोकाकडूनही लागू झाली.

१८४७ मध्ये म्युझियमच्या कारभाराची चौकशी करायला शाही आयोग नेमला गेला. अध्यक्ष लॉर्ड एल्समेअर. सचिव जॉन पेन कॉलियर, जो स्वतःच पानिझीच्या नियमांचा टीकाकार. म्हणजे विरोधी पक्षाचाच माणूस पंचाच्या शेजारी बसलेला. साक्षी सुरू झाल्या. कार्लाइल म्हणाला की वाईट कॅटलॉगही कॅटलॉग नसण्यापेक्षा बरा. कॉलियरचं म्हणणं होतं की ९१ नियमांचं हे अवडंबर कशाला, लेखक आणि थोडक्यात नाव लिहिलं की काम झालं, आणि ते झटपट होतं.

बोलून थांबला असता तर वाचला असता. पण त्याने करून दाखवलं. आपल्याच संग्रहातली २५ पुस्तकं घेऊन त्याने आपल्या सोप्या पद्धतीने त्यांच्या नोंदी केल्या. अवघ्या एका तासात. पानिझीने त्या नोंदी विंटर जोन्सच्या हातात दिल्या. जोन्सने एकेक नोंद पुस्तकाशी ताडून बघितली आणि आयोगापुढे चुकांचा पाढा वाचला. नावं चुकलेली, आवृत्ती कोणती ते कळत नाही, आणि नोंदीवरून नेमकं हेच पुस्तक हातात येईल याची खात्री नाही. २५ पुस्तकांत हा घोळ, तर लाखोंमध्ये काय झालं असतं, हे आयोगातल्या मंडळींना वेगळं सांगावं लागलं नाही.

१८५० मध्ये अहवाल आला आणि पानिझी त्यातून सहीसलामत बाहेर पडला. घाईने छापण्याचा नाद मागे पडला. नोंदी हाताने चिठ्ठ्यांवर लिहायच्या आणि मोठ्या वह्यांत अशा चिकटवायच्या की गरज पडेल तेव्हा काढून दुसरीकडे लावता येतील, ही पद्धत रुळली. चूक सापडली तर दुरुस्त होणारा, नवं पुस्तक आलं तर मध्ये जागा देणारा कॅटलॉग. संपूर्ण छापील कॅटलॉग निघाला तो १८८१ ते १९०० या काळात, तोवर पानिझी हयात नव्हता. या कॉलियरचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. जुन्या पुस्तकातल्या शेक्सपिअरविषयीच्या ज्या नोंदी त्याने उजेडात आणल्या होत्या, त्या बनावट असल्याचं उघड झालं आणि विद्वान म्हणून त्याची अब्रू गेली.

नियमांच्या जोडीला पुस्तकंही हवीत. कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची एक प्रत म्युझियमला देणं बंधनकारक होतं, पण देत कोण होतं? १८५० मध्ये हा अधिकार हातात आल्यावर पानिझीने प्रकाशकांवर खटले भरायला सुरुवात केली. स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्समध्ये स्वतः फिरला. शिव्या खाल्ल्या, पुस्तकं आणली. थॉमस ग्रेनव्हिल या जुन्या मुत्सद्द्याशी त्याची दोस्ती होती. १८४६ मध्ये ग्रेनव्हिल वारला तेव्हा वीस हजारांवर पुस्तकांचा त्याचा अनमोल संग्रह म्युझियमला मिळाला. पानिझी प्रमुख झाला तेव्हा ग्रंथालयात सुमारे २,३५,००० पुस्तकं होती, १८५६ मध्ये ती ५,४०,००० च्या घरात गेली होती.

एवढी पुस्तकं ठेवायची कुठे? म्युझियमच्या इमारतीच्या मधोमध एक मोकळा चौक उगाच पडून होता. एप्रिल १८५२ मध्ये पानिझीने कागदावर एक आकृती काढली. चौकात गोल वाचनालय, वर घुमट, भोवती लोखंडी कपाटांच्या रांगा. वास्तुविशारद सिडनी स्मर्कने ते उभं केलं. मे १८५७ मध्ये ते उघडलं. घुमटाचा व्यास १४० फूट, रोमच्या पँथिऑनपेक्षा जेमतेम दोन फूट कमी. मधोमध गोलाकार टेबलांवर कॅटलॉगच्या वह्या आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या वाचकांच्या रांगा.

याच घुमटाखाली मार्क्सने 'भांडवल' साठी टिपणं काढली. १९०२ मध्ये लेनिन जेकब रिक्टर या खोट्या नावाने इथे येऊन बसला. (टोपणनावांचा नियम आठवावा.) आणि १९२० नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर या वाचनालयात सकाळी जे येऊन बसत, ते बंद होण्याच्या वेळेलाच उठत. ज्या माणसाला आपल्या देशात सार्वजनिक पाण्यालाही हात लावू देत नव्हते, त्याला इथे लाखो पुस्तकांतलं हवं ते पुस्तक नुसती चिठ्ठी भरून मागता येत होतं. पानिझीने १८३६ मध्ये समितीपुढे सांगितलेला गरीब विद्यार्थी असाच कुणीतरी होता.

१८५६ मध्ये पानिझी संपूर्ण म्युझियमचा प्रमुख झाला. हस्तलिखित विभागाचा प्रमुख सर फ्रेडरिक मॅडन याला ती जागा हवी होती. मॅडनने आपल्या रोजनिशीत पानिझीला इतक्या शिव्या घातल्या आहेत की म्युझियमच्या इतिहासकारांना ती एक वेगळीच खाण मिळाली. पानिझीही काही गरीब गाय नव्हता. धिप्पाड, तापट, हाताखालच्यांकडून कसून काम घेणारा. नियम तयार करणाऱ्या चौघांतल्या एडवर्ड एडवर्ड्‌सशी त्याचं बिनसलं आणि १८५० मध्ये एडवर्ड्‌सची नोकरी गेली. गंमत म्हणजे त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि तो होण्यात एडवर्ड्‌सचा मोठा हात होता. विंटर जोन्सचं मात्र जमलं. पानिझीनंतर म्युझियमचा प्रमुख तोच झाला.

या सगळ्यात इटली सुटली नव्हती. पामरस्टन, ग्लॅडस्टन यांच्यासारख्या नेत्यांशी पानिझीची घसट होती आणि ती तो मायदेशासाठी वापरत होता. नेपल्सच्या राजाने लुइजी सेत्तेंब्रिनी आणि इतर देशभक्तांना एका बेटावरच्या तुरुंगात डांबलं होतं. ब्रिटिश म्युझियमच्या या अधिकाऱ्याने त्यांना पळवून आणण्यासाठी चक्क पैसे जमवले आणि १८५५ मध्ये एक बोट विकत घेतली. बोट इंग्लंडच्या किनाऱ्यावरच फुटली आणि बेत बारगळला. १८५९ मध्ये नेपल्स सरकारने या कैद्यांना अमेरिकेला रवाना केलं, तेव्हा सेत्तेंब्रिनीचा मुलगा खलाशी बनून त्या जहाजावर चढला आणि जहाज आयर्लंडकडे वळवलं गेलं. १८६४ मध्ये गॅरिबाल्डी लंडनला आला तेव्हा पानिझी त्याला फॉस्कोलोच्या कबरीवर घेऊन गेला. ज्याने लिव्हरपूलसाठी चिठ्ठी दिली होती, तोच हा फॉस्कोलो.

१८६६ मध्ये पानिझी निवृत्त झाला. १८६८ मध्ये नव्या एकसंध इटलीने त्याला सिनेटर केलं आणि १८६९ मध्ये इंग्लंडने सर. पुतळा लटकवणारं मोदेना संस्थान तोवर नकाशावरून पुसलं गेलं होतं.

त्याचे ९१ नियम मात्र फिरत राहिले. अमेरिकेत स्मिथसोनियनच्या चार्ल्स ज्युएटने आपले नियम त्यांच्यावरच बेतले. १८७६ मध्ये चार्ल्स कटरने त्यात भर घालून नवी नियमावली काढली. १९०८ मध्ये इंग्रज आणि अमेरिकन ग्रंथपालांनी मिळून एक संहिता केली. नियम वाढत गेले, अपवादांना अपवाद जोडले गेले. मग १९५३ मध्ये सीमूर लुबेट्स्की याने विचारायला सुरुवात केली की यातला प्रत्येक नियम नक्की हवाय कशाला. तो शोधत शोधत पुन्हा पानिझीच्या मूळ मुद्द्याशी आला : हातातलं पुस्तक वेगळं आणि त्यातला ग्रंथ वेगळा. १९६१ मध्ये पॅरिसला ५३ देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी कॅटलॉगची समान तत्त्वं मान्य केली.

मराठी पुस्तकांपर्यंत हे लोण त्याआधीच आलं होतं. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांचा कॅटलॉग जे. एफ. ब्लूमहार्ट यांनी तयार केला आणि तो १८९२ मध्ये छापून निघाला. पुढे शंकर गणेश दाते यांनी एकट्याच्या जिद्दीवर १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' केली.

पानिझीने लग्न केलं नाही. शेवटची वर्षं त्याने म्युझियमपासून हाकेच्या अंतरावर ब्लूम्सबरी स्क्वेअरमधल्या घरात काढली. तिथेच ८ एप्रिल १८७९ रोजी, पुतळ्याला फाशी झाल्यावर साडेपंचावन्न वर्षांनी, तो वारला.